कोरी बाटली

अत्तरसाहेबांना मी सहा वर्षं पाण्यात पाहत होते, आणि आमच्याकडचं पाणी म्हणजे अख्ख्या शहराच्या मोऱ्या-संडासांतून आलेलं पाणी. ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे मुख्य रसायनतज्ज्ञ, मी तिथली भांडारपाल. बाटल्या, साबण, हातमोजे, झाडू, पेनं, सगळं माझ्या हातून जातं आणि माझ्या वहीत उतरतं. मैल्याचा वास अंगाला लागू नये म्हणून साहेब सकाळी आल्यावर, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी निघताना मनगटांना अत्तर चोळायचे. नाव मीच पाडलं आणि शिपायापासून पंपचालकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसवलं. तेवढं एक सुख मला होतं.

त्यांनी प्रयोगशाळेतल्या माझ्या धाकट्या बहिणीची नोकरी घालवली. नोकरीचं मी एकवेळ सोडून दिलं असतं. पण त्यांनी भर सुनावणीत, एका कारखान्याच्या वकिलासमोर, खुर्चीत जरा मागे रेलून सांगितलं की हिचे हात स्वच्छ नाहीत. रसायनाच्या माणसाला असं म्हणणं म्हणजे स्वयंपाकिणीला उष्टं वाढतेस म्हणण्यासारखं आहे. मला एकच हवं होतं. ज्या तोंडाने ते हे बोलले त्याच तोंडाने, चार लोकांत, त्यांनी म्हणायला हवं होतं की तिचे हात स्वच्छ होते. पुढे त्यांचं काहीही होवो. पुढेही वाईटच व्हावं अशी माझी मनापासून इच्छा होती, पण आधी हे.

धाकटी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तिच्या वेण्या मी घातल्या, पाढे मी घोकून घेतले, परीक्षेला जाताना पेनात शाई आहे का तेही मीच पाहायची. पुढे तिला आमच्याच केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा मी सगळ्या केंद्राला चहा पाजला. अत्तरसाहेबांनीही प्यायला. दोन कप.

तर झालं असं. केंद्राच्या वरच्या अंगाला पडद्यांचा कारखाना आहे. नाट्यगृहांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे जाड पडदे आणि सोफ्यांची कापडं तिथे होतात. अशा कापडांनी चटकन पेट घेऊ नये असा नियम आहे, आणि नियम चांगलाच आहे. त्यासाठी कापडाच्या पाठीला एका पांढऱ्या भुकटीचा लेप देतात. आगरोधक. लेपाच्या टाक्या धुतल्या की ते पाणी गटारात आणि गटार आमच्या दारात. ही भुकटी मोठी हट्टी. पाण्यात विरघळत नाही, आमचे जंतू तिला खात नाहीत, ती गाळाला चिकटून बसते. आम्ही पाणी स्वच्छ करून नदीला सोडतो आणि शाबासकी घेतो, भुकटी राहते गाळात. तो गाळ दाबून, वाळवून, खत म्हणून लोकांच्या परसात जातो. तिथून भाजीत, कोंबडीत, अंड्यात आणि माणसाच्या चरबीत. एकदा तिथे गेली की पाहुणी म्हणून आलेली बाई घरची होऊन बसावी, तशी हलायचं नाव घेत नाही. लहान मुलांच्या वाढीला ती वाईट, हे धाकटीने मला जेवताना इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे.

धाकटीने गाळात ती शोधली. थोडीथोडकी नव्हे. मग तिने रीतसर परवानगी काढून, कारखान्याच्या फाटकासमोरच्या गटारातून आणि आमच्या गाळदाबणीच्या यंत्रातून एकाच दिवशी नमुने घेतले. नमुन्यांबरोबर एक कोरी बाटलीही फिरवायची असते. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी. बाकीच्या बाटल्या जिथे जातील तिथे तीही जाते, तिथेच उघडतात, तिथेच बंद करतात. परत आल्यावर तिच्यात काही सापडता कामा नये. सापडलं तर समजायचं की घाण बाहेरची नाही, आपल्याच बाटल्यांची किंवा आपल्याच हातांची आहे, आणि नियमाप्रमाणे त्या दिवसाचे सगळे नमुने रद्द.

कोरी बाटली कोरी नव्हती. गाळात भुकटी होती तिच्या चाळीस हजार पट आणि कोऱ्या बाटलीत नावापुरती, पण होती. वकिलाने नियमावर बोट ठेवलं. अत्तरसाहेबांनी त्या बोटावर स्वतःचा हात ठेवला. बाटल्या धुण्यात हयगय, हात अस्वच्छ, असा शेरा त्यांनी लिहिला, आणि महिनाभरात धाकटी घरी बसली. कारखाना सुटला. गाळ खत म्हणून जातच राहिला.

घरी बसली म्हणजे अगदी बसली नाही. चष्म्याच्या एका दुकानात लागली, भिंगं पुसायला. पण तिचं काहीतरी मोडलं. पाणी प्यायचा पेला ती तीनदा धुवायची. हात धुवायची ते कोपरापर्यंत, साबण लावून, मग परत. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. मी एकदा म्हटलं, "अगं, पुरे की. कातडी राहील का अंगावर?"

तर म्हणाली, "ताई, त्या दिवशीही मला पुरे झालं असंच वाटलं होतं."

ज्या दिवशी ती हे म्हणाली त्या दिवसापासून माझ्या डोक्यात सूड शिरला. आधी नुसता राग होता.

सुरुवातीला मी भांडारपालाच्या ऐपतीप्रमाणे सूड घेतला. साहेबांच्या मागणीपत्राची तिसरी प्रत नाही म्हणून परत. प्रत आली की शिक्का पुसट आहे म्हणून परत. त्यांच्या खुर्चीचं चाक तुटलं तेव्हा नवं चाक यायला मी सात महिने लावले. सात महिने ते एका बाजूला कललेले बसत. गळकी पेनं मी वेगळी काढून ठेवायची आणि ती नेमकी त्यांच्याकडे जायची. खिशावर निळे डाग घेऊन ते हिंडायचे आणि मला म्हणायचे, "बाई, हल्ली मालच चांगला येत नाही." मी म्हणायची, "हो ना साहेब, काय करणार." पण यातून माझं पोट भरत नव्हतं. खुर्चीच्या चाकाने कोणाचं नाव धुऊन निघतं?

यंदा त्यांच्या निवृत्तीला जेमतेम महिना राहिला आणि मला झोप लागेना. हा माणूस हार घालून, भाषणं ऐकून, अत्तर लावून घरी जाणार होता.

नशीब म्हणा, नेमकी तेव्हाच वरच्या कार्यालयातून एक चौकशीबाई आल्या. मुलांच्या एका वसतिगृहात परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत तीच भुकटी सापडली होती आणि परसाला खत आमच्या गाळाचं. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पायात जाड तळव्याचे बूट. आल्या त्या थेट गाळाच्या वाफ्यांवर गेल्या, नाकाला रुमाल न लावता. तिथेच मला त्या आवडल्या. दुपारी भांडारात येऊन त्यांनी धाकटीच्या प्रकरणाची फाइल मागितली. ती बराच वेळ चाळली आणि म्हणाल्या, "आकडे खरे वाटतात हो. पण कोरी बाटली मळली कुठे हे कळल्याशिवाय मला ते वापरता येत नाहीत. या आकड्यांशिवाय कारखाना म्हणेल की भुकटी कुठूनही आली असेल."

"म्हणजे बाटली कुठे मळली ते कळलं तर?"

"तर हे सगळे नमुने पुन्हा उभे राहतात. आणि तुमच्या बहिणीवरचा शेरा पडतो."

बाई गेल्यावर मी भांडाराचं दार लावून घेतलं आणि सहा वर्षांपूर्वीच्या वह्या खाली काढल्या. माझी खात्री होती की बाटली अत्तरसाहेबांनीच मुद्दाम मळवली. पुरावा तेवढा हवा होता.

आवक वहीत तो मला तासाभरात मिळाला. 'पडदे, जाड, हिरवे, नग चार. नमुन्यादाखल, पडदे कारखान्याकडून. मुख्य रसायनतज्ज्ञांच्या खोलीसाठी.' तारीख नमुने घेण्याच्या आठच दिवस आधीची. अक्षर माझंच. ज्या कारखान्याची तपासणी चालू आहे त्याच कारखान्याचे पडदे साहेबांनी भेट म्हणून घेऊन खिडकीला लावले होते, आणि ते पडदे अजून तिथेच होते. मी रोज पाहत होते आणि डोक्यात प्रकाश पडत नव्हता. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. नव्या लेपाचं कापड, त्यातून झडणारी धूळ, धूळ बाटलीत. सापडलास बेट्या, असं मी मोठ्याने म्हटलं.

आता बाटल्या त्या खोलीत कशा गेल्या एवढंच पाहायचं होतं. बाटल्यांची वही उघडली. तिच्यात एक रकाना आहे, 'ठेवण्याची जागा'. पानाच्या पहिल्या ओळीत मी 'भांडार' लिहायची आणि खाली शेवटपर्यंत दोन-दोन बारीक रेघा मारत जायची, वरीलप्रमाणे. सव्वीस वर्षांची माझी सवय. बाटल्या भांडाराबाहेर जातातच कुठे? त्या आठवड्यातही रेघाच होत्या. पण एका ओळीतल्या रेघा फिसकटल्या होत्या, कागद तिथे फुगला होता, जसा पाणी पडून वाळला की फुगतो.

त्या फुगलेल्या कागदावर मी बोट फिरवलं आणि मला सगळं आठवलं.

छतावरची टाकी गळली होती. भांडाराच्या मागच्या भिंतीवरून पाणी फळ्यांवर उतरलं. धाकटीच्या बाटल्या भट्टीत भाजून, तोंडाला चंदेरी कागद बांधून, खोक्यात तयार होत्या, दुसऱ्या दिवशी नमुने. खोकं भिजलं. मी ते उचलून धावले. केंद्रात कोरडी, बंद, कुलूप असलेली खोली एकच, साहेबांची. "साहेब, ठेवू का इथे?" म्हटलं. "ठेवा की," ते म्हणाले, फोनवर बोलत. मी बाटल्या खिडकीखाली ओळीने मांडल्या. कागद ओले झाले होते म्हणून ते काढून टाकले आणि तोंडं उघडी ठेवली, वाळावीत म्हणून. वर नवा हिरवा पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. संध्याकाळी नवे कागद मीच बांधले, घट्ट, प्रेमाने. सकाळी ओलं काही राहिलं नव्हतं, म्हणून धाकटीला सांगायचं राहून गेलं. वहीत रेघा मारल्या. वरीलप्रमाणे.

सहा वर्षं मी रोज रात्री जेवताना त्या माणसाला शिव्या घालत होते, आणि बाटल्या मी उघड्या ठेवल्या होत्या. माझ्या हातांनी. मी फळीला धरून खाली बसले. धाकटीची भेगाळलेली बोटं डोळ्यांपुढून हलेनात.

त्या दिवशी मी काय केलं असतं तर बरं झालं असतं, हे मला आजही सांगता येतं. घरी जाऊन तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. धीर झाला नाही. ती भिंगं पुसून आली, पेला तीनदा धुतला, पाणी प्यायली, आणि मी समोर बसून भाजी चिरत राहिले. तीन आठवडे असंच. रोज ठरवायची, रोज तोंड शिवलेलं.

मधल्या काळात मला दुसरी एक वाट सुचली होती, तीही सांगून टाकते. रेघांच्या जागी 'मुख्य रसायनतज्ज्ञांची खोली, त्यांच्या आदेशाने' असं लिहायचं. एवढं लिहिलं असतं की साहेब कायमचे झोपले असते, धाकटी सुटली असती आणि मीही. पेन हातात घेतलं होतं. नाही लिहिलं ते चांगुलपणामुळे नव्हे. शाई नवी दिसली असती आणि कारखान्याच्या वकिलाने वहीसकट मला फाडून खाल्लं असतं. मला तो माणूस असा हवा होता की सुटायला फट राहणार नाही.

मग मी विचार केला की या माणसाचं दुखणं काय? इतक्या वर्षांत मला ते पाठ झालेलं होतं. त्यांच्यासमोर कोणी म्हटलं की साहेबांना हे कळलं नसेल, तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. आपल्याला आधीच माहीत होतं हे सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. पंप बिघडला की म्हणणार, मी सांगितलंच होतं. विजेची तार जळाली, मी सांगितलंच होतं. शिपायाला सहावी मुलगी झाली तेव्हासुद्धा म्हणाले, मला वाटलंच होतं. गळाला आमिष लावायचं होतं. लावण्यासारखी मीच होते.

सुनावणी केंद्राच्याच सभागृहात झाली. लांब टेबल, पाण्याचे पेले, भिंतीवर आमच्या केंद्राचा नकाशा, त्यात नदी अगदी निळीशार. चौकशीबाई मधोमध. त्यांच्या बाजूला टंकलेखक. कारखान्याचा मालक आणि वकील एका टोकाला. अत्तरसाहेब पांढऱ्या शर्टात, निवृत्तीला बारा दिवस राहिलेले. धाकटीला साक्षीला बोलावलं होतं. ती भिंतीलगत, हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती. भेगा दिसू नयेत म्हणून.

बाईंनी आधी पडद्यांचं विचारलं. आवक वहीचं पान मी आधीच त्यांच्याकडे दिलं होतं.

"नमुना म्हणून आले, लावले," साहेब म्हणाले. "खिडकीतून ऊन यायचं. भेट कसली? रीतसर वहीत नोंद आहे की."

"आणि बाटल्या?"

"बाटल्यांशी माझा काय संबंध? बाटल्या भांडारात असतात. वही पाहा." त्यांनी माझ्याकडे पाहून हसूनही घेतलं. वहीत रेघा आहेत हे त्यांना माहीत होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "बाई, वही चुकीची आहे. त्या दिवशी भांडारात पाणी शिरलं होतं. बाटल्या मी साहेबांच्या खोलीत नेल्या. पडद्याखाली उघड्या ठेवल्या. वहीत तसं लिहिलं नाही. चूक माझी आहे."

टंकलेखक माझं वाक्य टंकत होता. मी धाकटीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

कारखान्याचा वकील पुढे झुकला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "मुख्य रसायनतज्ज्ञ तेव्हा खोलीत होते?"

आता आमिष टाकायचं होतं. मी मान खाली घातली, आवाज बारीक केला. "होते, पण त्यांना काही समजलं नसणार बाई. त्यांचा दोष नाही. नव्या पडद्याखाली उघडी बाटली ठेवू नये हे आता मलासुद्धा कळतं, पण साहेबांना त्या वेळी कळलं नाही. मोठी माणसं, त्यांचं लक्ष नसतं. त्यांना यातलं ठाऊकच नव्हतं, नाहीतर त्यांनी मला थांबवलं नसतं का?"

"ठाऊक नव्हतं?" साहेबांची मान ताठ झाली. "काय बोलता तुम्ही? मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला! बाई, बाटल्या उघड्या ठेवू नका, कापड नवं आहे, लेपाची धूळ झडते, सगळे नमुने खराब होतील! तुम्ही ऐकलं नाहीत. बत्तीस वर्षं झाली मला या कामात. मला ठाऊक नव्हतं म्हणे!"

असं काही ते मला म्हणाले नव्हते. "ठेवा की," एवढंच म्हणाले होते, फोनवरून तोंड न काढता. पण बाटल्या त्यांनी पाहिल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्यात कोरी बाटली मळकी निघाली तेव्हा ती का निघाली हे त्यांना कळलं होतं. आपण काय बोललो ते ध्यानात येताच हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. कारखान्याच्या मालकाने डोळे मिटून घेतले.

चौकशीबाई घाई न करता म्हणाल्या, "म्हणजे धूळ पडद्याची, हे तुम्हाला नमुने घेण्याच्या आदल्या दिवसापासून माहीत होतं."

"म्हणजे... तसं नव्हे..."

"मग मागच्या सुनावणीत हे का सांगितलं नाहीत?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. अत्तराचा वास आणि घामाचा वास एकत्र माझ्यापर्यंत आला.

"रसायनतज्ज्ञ बाईंचे हात अस्वच्छ असा शेरा तुमचा आहे. तो खरा होता?"

"त्या वेळच्या परिस्थितीत..."

"हात स्वच्छ होते की नव्हते?"

"स्वच्छ असावेत."

"असावेत असं मी लिहून घेणार नाही. होते की नव्हते?"

"होते," अत्तरसाहेब म्हणाले.

टंकलेखकाने ते टंकलं. मी तो आवाज ऐकला. काय सांगू, अंगातून वीज गेली. सहा वर्षं ज्या एका शब्दासाठी मी जगले तो बाहेर पडला होता, आणि पडताना त्यांचा चेहरा वाळलेल्या गाळासारखा तडकला होता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी हसतच धाकटीकडे वळले.

ती साहेबांकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

बाहेर जिन्यात तिने मला गाठलं. मला वाटलं मिठी मारेल. तिने विचारलं, "तुला कधी आठवलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे रोज मी तुझ्यासमोर हात धूत होते ताई."

"तुला सांगितलं असतं तर तू मला बोलू दिलं नसतंस," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. आणि तिला ते कळलं. ती एकेक पायरी उतरत निघून गेली. मी नंतर घरी गेले तेव्हा ती झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. इतकं की मला भीती वाटावी. बाईंनी भाजलेल्या दोन बाटल्या मागवल्या, एक भांडारात ठेवली, एक साहेबांच्या पडद्याखाली उघडी. भांडारातली कोरी निघाली, पडद्याखालच्या बाटलीत तीच भुकटी, धाकटीच्या कोऱ्या बाटलीत होती तीच. धाकटीचे नमुने उभे राहिले. कारखान्याचं गटार तोंडाशीच बांधून बंद केलं. खताचा गाळ थांबला, वसतिगृहाच्या परसातली माती उचलली. साहेबांना हार पडला नाही, भाषण झालं नाही, निवृत्तीच्या आधीच त्यांना निलंबनाचा कागद मिळाला आणि तो त्यांना देण्याचं काम, शिपाई रजेवर असल्यामुळे, मी आनंदाने केलं. "सही इथे साहेब," म्हटलं. पेन मीच दिलं, गळकं. ते जाताना त्यांच्या खिशावर निळा डाग होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मला होतं.

धाकटीला बोलावून घेतलं. नुसतं परत नव्हे, प्रयोगशाळा प्रमुख म्हणून. ती आली, पांढरा झगा घातला, भट्टी पेटवली, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या खिडक्यांवरचं कापड काढून टाकायला लावलं. मी दारातून पाहत होते. आमचं बोलणं घरी सुरू झालं होतं, पण कामापुरतं. दूध आलं का, दिवा बंद केलास का.

माझ्याही नावाचा एक कागद निघाला होता. बाटल्या परवानगीशिवाय हलवल्या, उघड्या ठेवल्या, वहीत चुकीची नोंद केली. मी कबूल केलेलंच होतं. त्यावर प्रयोगशाळा प्रमुखांचा अभिप्राय हवा होता. वरच्यांना वाटलं असेल बहीण आहे, समज देऊन सोडेल. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिने मला बोलावलं. टेबलावर कागद होता. मी बसले नाही. तिने सगळा कागद पहिल्या ओळीपासून वाचला, जशी ती लहानपणी गणित वाचायची, ओठ हलवत. मग लिहायला लागली. तिचं अक्षर मी गिरवून घेतलं होतं, उलटं असलं तरी मला वाचता येतं.

'निष्काळजीपणा सिद्ध. एका तज्ज्ञाचे नाव आणि सहा वर्षांचे काम त्यामुळे गेले. गाळ त्या काळात लोकांपर्यंत पोहोचत राहिला. भांडारपाल पदावर ठेवू नये. गाळ वाफ्यांवर नेमणूक करावी.'

"बरोबर आहे का?" तिने विचारलं.

माझा संताप एकदम वर आला. मी तुला वाढवलं, मी तुझ्यासाठी सगळ्यांसमोर मान खाली घातली, असं सगळं ओठांवर आलं. पण कागदावर एक शब्द खोटा नव्हता, आणि साहेबांच्या शेऱ्यासारखा एक शब्द कोणाला वाचवायला लिहिलेला नव्हता. मला तिचा राग आला आणि मला तिचा अभिमान वाटला, दोन्ही एकाच वेळी.

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि सही केली.

"भांडाराच्या किल्ल्या?"

मी कमरेचा जुडगा काढून तिच्यासमोर ठेवला. एकूण चौदा किल्ल्या. तिने त्या माझ्यासमोर एकेक करून मोजून घेतल्या.